आजी, पित्ताचा खडा आणि अडलेलं आतडं : एक दिवस उलट्या, दुसऱ्या दिवशी बरं

सांजपारवा

महिनाभर इकडे फिरकले नाही. का ते सांगते, आणि दोन प्रश्नही आहेत.

आजी (आईची आई) ९१ वर्षांची. ऐकू कमी येतं, वॉकर धरून चालते, पत्त्यांच्या डावात मात्र अजून लबाडी करते. एका सोमवारी रात्री तिला दोन उलट्या झाल्या. मंगळवारी पोट फुगलं, काही घेतलं नाही. बुधवारी सकाळी स्वतःच उठून बसली आणि म्हणाली, "मोकळं वाटतंय." आम्हीही मोकळे झालो. गुरुवारी पुन्हा उलट्या, या वेळी हिरव्या. जवळच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. मऊ होतं. ताप नाही, नाडी ठीक. (रक्तदाबासाठी तिला जी गोळी चालू आहे ती नाडी वाढूच देत नाही, हे आम्हाला मागाहून कळलं.) गॅस असेल, या वयात पचन मंदावतंच, असं ठरलं. शुक्रवारी एनिमा दिला, थोडी शौचाला झाली, म्हणजे आता सुटलं असं आम्ही धरून चाललो.

शनिवारी ती मला माझ्या आईच्या नावाने हाक मारू लागली. दुपारची उलटी तपकिरी होती आणि तिला विष्ठेसारखा वास होता. मी तो वास विसरू शकत नाही. तासाभरात आम्ही मोठ्या दवाखान्यात होतो.

तिथल्या सर्जननी आधी दोन्ही जांघा नीट तपासल्या, हर्निया आहे का म्हणून. नव्हता. पोटावर जुन्या ऑपरेशनचा व्रण? नाही. मग आईकडे वळून विचारलं, "पित्ताचे खडे कधी सांगितले होते का?" आईला आठवलं, सहा वर्षांपूर्वी दुसऱ्याच कशासाठी तरी सोनोग्राफी केली होती, तेव्हा एक मोठा खडा दिसला होता. त्रास काही नव्हता म्हणून तो तसाच ठेवला. "आणि हल्ली उजव्या बरगडीखाली दुखलं होतं?"

दुखलं होतं! उलट्या सुरू व्हायच्या पंधरा दिवस आधी, सलग आठ-नऊ दिवस. ती रात्र रात्र कण्हायची. मग एका सकाळी उठली ती टवटवीत. दुखणं पार गेलं. आम्ही इतके खूश, की घेतलेली अपॉइंटमेंट रद्द केली.

सर्जन म्हणाले, "बहुतेक त्याच सुमाराला वाट पडली असणार."

म्हणजे काय, ते सीटी झाल्यावर समजलं. सुजलेलं पित्ताशय शेजारच्या आतड्याला चिकटलं, खड्याच्या दाबाने दोघांच्या भिंतीला भोक पडलं आणि खडा त्या वाटेने आतड्यात उतरला. कोंडलेलं पित्ताशय रिकामं झालं, म्हणून दुखणं थांबलं. पुढे खडा आतड्यातून घरंगळत शेवटच्या अरुंद भागात येऊन रुतला.

ऑपरेशन पंचावन्न मिनिटांत झालं. पोट उघडलं, आतड्याला छोटी चीर दिली, खडा काढला, चीर शिवली. पित्ताशयाला हातही लावला नाही. खडा आम्हाला बाटलीत घालून दाखवला. ३.४ सेंटीमीटर, कबुतराच्या अंड्याएवढा. रंग काळपट तपकिरी, वरून तुतीसारखा खडबडीत, पण एका बाजूला चक्क सपाट, घासूनपुसून गुळगुळीत केल्यासारखा. सर्जननी त्या सपाट बाजूवर बोट ठेवलं. "ही बाजू बघितली आणि पुन्हा सगळं आतडं पहिल्यापासून चाचपलं. खड्याला सपाट बाजू असेल तर तो कुणाला तरी टेकून वाढलेला असतो." दुसरा खडा आतड्यात सापडला नाही. सीटीत पित्ताशयातही दिसला नव्हता. बहुधा आधीच निघून गेला असावा.

पहिल्या तीन रात्री ती भ्रमात होती. तेराव्या दिवशी घरी आणलं. आता बरी आहे.

माझे प्रश्न : पित्ताशय तसंच का ठेवलं, त्यातून पुन्हा काही होणार नाही का? आणि सहा वर्षांपूर्वीच ते काढून टाकलं असतं, तर हे टळलं असतं ना? दुसरा प्रश्न आई रोज रात्री स्वतःला विचारते.

निवांत_प्रवासी

बापरे. आजींना नमस्कार सांगा. पित्ताचा खडा आतड्यात जाऊ शकतो हे आज पहिल्यांदा वाचलं. माझी समजूत होती की खडा म्हणजे फार तर कावीळ.

पोटतिडीक

मी सर्जन आहे. आयडीवरून लक्षात आलंच असेल. एका आजींची गोष्ट धरून बोलतो. तुमच्या घरच्या पेशंटला मी तपासलेलं नाही, हे ध्यानात ठेवूनच वाचा.

याचं पुस्तकी नाव गॉलस्टोन इलियस. नावच चुकीचं आहे. इलियस म्हणजे आतडं लुळं पडणं, त्याची हालचाल थांबणं. इथे उलट असतं. आतडं जिवाच्या आकांताने ढकलत असतं आणि समोर दगड असतो. पण नाव चिकटलं ते चिकटलं. डेन्मार्कच्या बार्थोलिनने १६५४ मध्ये शवविच्छेदनात हे पाहून लिहून ठेवलं. १८९० मध्ये स्वित्झर्लंडच्या कूर्व्हाझिएने १३१ रुग्णांची जंत्री दिली, त्यात ४४ टक्के दगावले होते.

हे म्हाताऱ्या माणसांनाच का, याचं उत्तर खड्यातच आहे. दोन सेंटीमीटरच्या आतला खडा बहुतेक वेळा गुपचूप शौचावाटे निघून जातो, कुणाला पत्ताही लागत नाही. अडकणारे खडे साधारण दोन-अडीच सेंटीमीटरच्या वरचे. तेवढं वाढायला वर्षानुवर्षं लागतात, पित्ताशय पुन्हा पुन्हा सुजून शेजारच्या ड्युओडेनमला, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला, चिकटायलाही लागतात. त्यात बायकांना खडे जास्त, आणि वय वाढेल तशी दुखण्याची जाणीवही बोथट होते. म्हणून हा आजार मुख्यतः सत्तरीच्या पुढच्या आज्यांचा. खडे असलेल्यांपैकी जेमतेम ०.३ ते ०.५ टक्के लोकांना तो होतो.

लहान आतडं पुढे पुढे अरुंद होत जातं आणि त्याची हालचालही मंदावते. म्हणून खडा बहुधा शेवटच्या हातभर टप्प्यात, मोठ्या आतड्याच्या झडपेच्या अलीकडे अडतो. पण तिथे थेट पोचत नाही. वाटेत अडतो, मागे पाणी साठतं, आतडं ताणलं जातं, खडा सुटतो, थोडा पुढे जाऊन पुन्हा अडतो. सांजपारवा, तुमचा बुधवार म्हणजे खडा सुटला तो दिवस. हा आजार दाखवायला लोक चार-पाच दिवस उशिरा येतात ते याच बुधवारामुळे. आमच्याकडेही चुकतं, कारण तपासणीच्या वेळी पेशंट नेमका सुटल्या अवस्थेत असतो, पोट मऊ लागतं.

आता पहिला प्रश्न. पोटात शिरलोच आहोत तर पित्ताशय काढून भोकही बंद करून टाकू, असं कुणालाही वाटेल, आणि एकेकाळी सर्जनांनाही वाटायचं. पण तो सगळा भाग चिकटून दगड झालेला असतो. ते सोडवायला तास दोन तास जास्त लागतात, ड्युओडेनम शिवावा लागतो, आणि त्याचा टाका सुटला तर ९१ वर्षांच्या माणसाला ते झेपत नाही. १९९४ मध्ये छापून आलेल्या १००१ रुग्णांच्या आढाव्यात नुसता खडा काढलेल्यांत मृत्यू ११.७ टक्के होते आणि सगळं एकदम उरकलेल्यांत १६.९. पुढे अमेरिकेतल्या २००४ ते २००९ या काळातल्या ३,२६८ रुग्णांचा हिशेब आला. त्यात एकूण मृत्यू ६.७ टक्क्यांच्या आसपास, आणि नुसता खडा काढलेल्यांत पाचच्या जवळ. नुसत्या आकड्यांवर मी फार विसंबत नाही, कारण धडधाकट पेशंटचंच मोठं ऑपरेशन करायला सर्जन धजावतो, त्यामुळे तुलना सरळ होत नाही. तरी कल कुठे आहे ते दिसतं.

खडा निघाल्यावर ती वाट बऱ्याचदा आपोआप बुजते. पुन्हा खडा अडकण्याचं प्रमाण पुस्तकात ५ ते ८ टक्के दिलंय, आणि त्यातले बरेचसे पहिल्या काही महिन्यांतच. म्हणून सपाट बाजू दिसल्यावर तुमच्या सर्जननी सगळं आतडं परत चाचपलं ते फार शहाणपणाचं झालं. कधीकधी मागे दुसरा खडा रांगेत उभाच असतो.

शंकेखोर

@पोटतिडीक, तो खडा आतल्या आत चेपून फोडून टाकता येत नाही का? चीर तरी कशाला द्यायची? आणि अडलाय तिथेच कापायचं, की कसं?

पोटतिडीक

फोडायचा मोह होतो, पण करू नये. खडा ज्या जागी रुतलाय तिथली भिंत दिवसेंदिवस ताणून सुजलेली आणि नाजूक झालेली असते. बोटांनी चेपायला गेलं तर खड्याआधी आतडं फाटायचं. कापतही तिथे नाहीत. खडा हळूहळू मागे सरकवत आतड्याच्या चांगल्या भागात आणतात, तिथे लांबीच्या दिशेने चीर देतात आणि शिवताना मात्र आडवी शिवतात. उभी शिवली तर तिथे आतडं आवळून बसतं. एवढ्या साध्या युक्तीवर आख्खं ऑपरेशन उभं आहे. काही ठिकाणी दुर्बिणीनेही करतात, पण फुगलेल्या आतड्यामुळे पोटात दुर्बिणीला जागा मिळत नाही. भिंत काळी पडली असेल तर मात्र तो तुकडा काढून टाकावाच लागतो.

काळापांढरा

मी रेडिऑलॉजिस्ट. माझ्या बाजूचं थोडं.

साध्या एक्स-रेवर हा आजार ओळखायच्या तीन खुणा रिग्लर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९४१ मध्ये सांगितल्या : आतडं अडल्याच्या खुणा, पित्तनलिकेत हवा, आणि भलत्याच जागी खडा. परीक्षेत सगळे घडाघडा म्हणून दाखवतात. प्रत्यक्षात तिन्ही एकत्र दिसणारी एक्स-रे फिल्म अर्ध्याहून कमी पेशंटमध्ये मिळते, कारण बहुतेक पित्तखड्यांत कॅल्शियम कमी असतं आणि ते एक्स-रेवर उमटतच नाहीत. सांजपारवांच्या आजींचा एक्स-रे काढला असेल आणि त्यावर खडा दिसला नसेल, तर त्यात कुणाची चूक धरू नये.

सीटीवर चित्र पालटतं. बहुतेकांचं निदान तिथेच होतं. तरी कोलेस्टेरॉलचा खडा सीटीवरही आतड्यातल्या पाण्याच्याच छटेचा असू शकतो. तेव्हा आम्ही फुगलेलं आतडं जिथे संपतं आणि चपटं सुरू होतं त्या जागेवर डोळे रोवतो. एखादी पातळ पांढरी कडा, गोल सावलीच्या मध्ये हवेचा ठिपका, असं काहीतरी हाती लागतं. मग वर यकृताकडे जायचं. पित्तनलिकेत हवेच्या काळ्या फांद्या आणि शेजारी आक्रसलेलं, हवा भरलेलं पित्ताशय दिसलं की गोष्ट पूर्ण होते. मात्र पित्तनलिकेत हवा दिसली म्हणजे हाच आजार असं नाही. दुर्बिणीतून नलिकेचं तोंड कापलेलं असेल किंवा आत स्टेंट (नलिका उघडी ठेवणारी नळी) असेल तरीही ती दिसते. म्हणून जुने कागद घेऊन या, असं आम्ही कानीकपाळी ओरडत असतो.

क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) वाढलंय म्हणून सीटीच नको, असं घरचे लोक पुष्कळदा म्हणतात. शिरेतून औषध न देता काढलेल्या सीटीतही खडा आणि हवा या दोन्ही गोष्टी दिसू शकतात. आणि प्यायला पांढरं औषध देऊन काढलं तर उलट खडा त्यात बुडून जातो. काय द्यायचं आणि काय टाळायचं हे तिथले डॉक्टर ठरवतील, पण किडनीचं नाव काढून सीटीलाच फाटा देऊ नका.

रात्रपाळी

वीस वर्षं सर्जिकल वॉर्डात काढली आहेत. मोठे आकडे मला येत नाहीत, दिसतं ते सांगते.

शौचाला झाली म्हणजे आतडं मोकळं झालं, हा समज सगळ्यात जास्त घात करतो. अडथळ्याच्या खालचं आतडं आधीचं साठलेलं बाहेर टाकतच असतं. एनिमाने तर टाकणारच. त्यावरून वर काय चाललंय ते कळत नाही. उलटीचा रंग बघत जा आणि डॉक्टरांना सांगा. आधी खाल्लेलं, मग हिरवं, मग तपकिरी आणि घाण वासाचं, हा क्रम नेहमीचा. आणि असं पोट फुगलेलं असताना घरच्या घरी जुलाबाचं औषध अजिबात देऊ नका.

दाखल झाल्यावर नाकातून नळी घालतात, ती घरच्यांना बघवत नाही. "काढा ना हो, आजोबांना त्रास होतोय" असं दिवसातून दहादा ऐकते. त्या नळीतून पहिल्या तासात दीड लिटर पाणी निघालेलं मी पाहिलंय. ते आत राहिलं असतं तर भूल देताना छातीत गेलं असतं. म्हातारी माणसं अशा आजारात आतड्यापेक्षा फुप्फुसातल्या पाण्याने आणि न्यूमोनियानेच जास्त दगावतात, असं माझं तरी बघणं आहे. उशाकडची बाजू उंच ठेवा, उलटी येतेय म्हटलं की कुशीवर वळवा.

भ्रमाचं सांजपारवांनी एका ओळीत उरकलं, पण घरच्यांना सगळ्यात जास्त घाबरवतं तेच. माणूस एका रात्रीत परका होतो. शिव्या देतो, सलाईन उपटतो. यात वेड लागण्याचा काही संबंध नाही, बहुतेकांचं उतरतं. कानाचं मशीन, चष्मा आणि कवळी पिशवीत भरून घरी नेऊ नका हो! ऑपरेशनला जाताना काढतात ते ठीक, पण जाग आली की लगेच परत द्या. ऐकू येत नाही, दिसत नाही, चेहरे अनोळखी, दिवस की रात्र कळत नाही, अशात आपलंही डोकं फिरेल.

सांजपारवा

@रात्रपाळी, तुम्ही आमच्याच खोलीत होतात की काय! कानाचं मशीन खरंच आम्ही घरी नेलं होतं, हरवेल म्हणून. तिसऱ्या दिवशी एका सिस्टरनी विचारलं, "यांना ऐकू कमी येतं का?" मामा धावत जाऊन घेऊन आला. मशीन कानात बसवल्यावर तिचं पहिलं वाक्य, "किती हळू बोलता तुम्ही सगळे." त्या रात्री ती झोपली.

पारिजात८

माझ्या मावशीचं जरा वेगळं झालं होतं. वय ८७. उलट्या सतत, पण पोट फुगलेलं नाही आणि उलटीत पित्त नाही. खडा खाली उतरलाच नव्हता, जठराच्या तोंडाशी ड्युओडेनममध्येच अडला होता. तोंडातून दुर्बीण घालून फोडायचं ठरलं. फोडला, सगळे खूश. चौथ्या दिवशी पुन्हा पोट फुगलं. फुटलेला एक मोठा तुकडा पुढे जाऊन अडकला होता. शेवटी ऑपरेशन झालंच.

पोटतिडीक

@पारिजात८, याला बुव्हरे सिंड्रोम म्हणतात. फ्रेंच डॉक्टर लेऑन बुव्हरे यांनी १८९६ मध्ये त्याचं वर्णन केलं. दुर्बिणीचा प्रयत्न तिथे रास्तच असतो, कारण पोट न उघडता काम झालं तर या वयात ते हवंच असतं. तुकडा पुढे जाऊन अडणं हा त्यातला ठाऊक असलेला धोका. क्वचित खडा थेट मोठ्या आतड्यात उतरतो आणि डाव्या बाजूला, आधीच अरुंद झालेल्या जागी अडतो. तो प्रकार आणखी वेगळा.

शंकेखोर

दुसरा प्रश्न राहिला. सहा वर्षांपूर्वी पित्ताशय काढायला हवं होतं की नाही? सरळ सांगा. डॉक्टर मंडळी इथे नेहमी "ते पेशंटवर अवलंबून" म्हणून सटकतात.

पोटतिडीक

सटकत नाही. मी तेव्हा आजींना पाहिलं असतं, तर ८५ वर्षांच्या, काहीही त्रास नसलेल्या बाईंचं पित्ताशय काढा असं मीही सांगितलं नसतं. खडे असलेले बहुतेक लोक ते घेऊनच आयुष्य काढतात. वर्षाकाठी शंभरातल्या एक-दोघांना त्रास सुरू होतो. त्यातही हा आजार फारच थोड्यांना. तेवढ्यासाठी सरसकट सगळ्यांना भूल द्यायची म्हटलं तर टळलेल्या आजारांपेक्षा आपण लावलेले आजार जास्त होतील. मोठा एकटा खडा, तीन सेंटीमीटरच्या वरचा, असेल तर पित्ताशयाच्या कॅन्सरचा विचार करून तरुण आणि धडधाकट माणसात काढण्याबद्दल आम्ही बोलतो. पंच्याऐंशीला ते पारडं तसं झुकत नाही.

तेव्हा सांजपारवा, आईंना सांगा, सहा वर्षांपूर्वी काही चुकलेलं नाही. चुकायची जागा होती ती ते आठ-नऊ दिवस. खडा माहीत आहे, उजवीकडे बरगडीखाली दुखतंय, तर ते तेव्हा दाखवायला हवं होतं. आणि दुखणं आपोआप थांबलं म्हणून अपॉइंटमेंट रद्द करायला नको होती. हे टोचून बोलत नाही. माझ्या स्वतःच्या वडिलांना दुखायचं थांबलं, तेव्हा मीही "बरं झालं" म्हटलं होतं.

मुखदुर्बळ

इथे सगळे ऑपरेशनबद्दल बोलताहेत, म्हणून दुसरी बाजू लिहितो. सासरे ९४ वर्षांचे होते. हृदय पंधरा-वीस टक्क्यांवर, दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले, माणसं ओळखत नव्हते. हेच निदान झालं. सर्जननी आम्हाला एका खोलीत बसवून काहीही न लपवता सांगितलं : ऑपरेशन टेबलवरच जाण्याची शक्यता मोठी, वाचले तरी व्हेंटिलेटरवरून उतरतील असं वाटत नाही. मग विचारलं, "ते बोलू शकत असते तर काय म्हणाले असते?" सासूबाईंनी एका क्षणात उत्तर दिलं. नळी, सलाईन, दुखणं आणि मळमळ थांबवणारी औषधं एवढंच केलं. पाच दिवसांनी गेले, शांतपणे.

आम्हाला पुढे नातेवाइकांनी ऐकवलं, "एवढंसं ऑपरेशन, ते नाही केलंत?" म्हणून लिहितोय.

रात्रपाळी

@मुखदुर्बळ, तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार.

पोटतिडीक

मुखदुर्बळ यांच्याशी पूर्ण सहमत. कधीकधी खडा आपोआप पुढे सरकून निघूनही जातो, पण एवढा मोठा खडा अडल्यावर त्या भरवशावर राहू नये. ऑपरेशन करायचं नाही असं ठरलं, तर तो निर्णय डोळे उघडे ठेवून घ्यावा, "बघू, निघेल" म्हणत नव्हे.

उलट बाजूने एवढंच, की आकडा ९१ दिसला की घरचे आणि कधीकधी आमच्यातलेही काहीजण बोलणं तिथेच थांबवतात. मी वयाआधी विचारतो, गेल्या महिन्यात ही व्यक्ती स्वतः उठून संडासला जात होती का, स्वतःच्या हाताने जेवत होती का. पत्त्यांत लबाडी करणारी ९१ वर्षांची बाई आणि अंथरुणाला खिळलेले ७८ वर्षांचे गृहस्थ यांत भूलतज्ज्ञ कुणाला जास्त घाबरतो, सांगायला नको. आणि भूल देण्याआधी काही तास सलाईन देऊन पाणी, पोटॅशियम आणि लघवी ताळ्यावर आणायला वेळ घेतला, तर तो वेळ वाया गेला असं समजू नका. पाच दिवस उलट्या झालेलं शरीर आतून कोरडं पडलेलं असतं. आतड्याची भिंत काळवंडतेय अशी शंका असेल तरच घाई.

निवांत_प्रवासी

अवांतर : खडा कुठे आहे आता? ठेवला की टाकला?

सांजपारवा

अर्धा तपासणीला गेला, अर्धा आजीकडे आहे. बाटली कपाटात ठेवलीय. कुणी भेटायला आलं की काढून दाखवते आणि दर वेळी तो थोडा मोठा होतो. परवा शेजारच्या काकूंना तिने मुठीएवढा सांगितला.

@पोटतिडीक, आईला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. काही बोलली नाही. पण आठ-नऊ दिवसांवाला भाग पुन्हा वाचायला लावला.

शंकेखोर

@पोटतिडीक, हा धागा वाचून बाबांची जुनी फाइल काढली. वय ८३. चार वर्षांपूर्वीची सोनोग्राफी : पित्ताशयात एकच खडा, २८ मिलिमीटर. गेल्या आठवड्यात त्यांचं पोट दुखत होतं, उजवीकडेच. आम्ही अॅसिडिटी समजलो. परवापासून दुखायचं थांबलंय. उलट्या नाहीत, पोट फुगलेलं नाही. उगाच घाबरतोय का?

पोटतिडीक

घाबरू नका, पण थांबूही नका. आजच सर्जनला दाखवा, जुनी फाइल बरोबर घ्या. दुखत होतं आणि थांबलं, हे त्यांना पहिल्या वाक्यात सांगा, नाहीतर समोर बसलेला बरा माणूस बघून तेही तुम्हाला परत पाठवतील. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तीही सांगा.

शंकेखोर

काल जाऊन आलो. बाबा सगळ्या वाटेने कुरकुरत होते की काही होत नसताना कशाला. सीटी केला. पित्ताशयाची भिंत जाड झालीय आणि ते ड्युओडेनमला चिकटलंय, पण हवा कुठेच नाही. पांढऱ्या पेशी अजून वाढलेल्या, म्हणून दाखल करून घेतलंय आणि अँटिबायोटिक सुरू केलंय. ऑपरेशन कधी करायचं हे हृदयाची तपासणी झाल्यावर ठरेल.

खडा अजून जागेवरच आहे.